हलक्या गोळीवरचं माझं भाषण

माझी बहुतेक नोकरी दिल्लीत, संरक्षणाशी संबंधित एका लहानशा सरकारी कचेरीत गेली. परदेशी लष्करी मासिकं यायची. त्यांतले लेख वाचून साहेबांसाठी एकेका पानाचा सारांश करायचा, हे माझं काम. आयुष्यात मी कधी रायफल हातात धरली नाही. पण द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत आणि दिल्लीतल्या मराठी मंडळींत मी ‘शस्त्रास्त्रांतला जाणकार’ म्हणून ओळखला जायचो. ती ओळख मला आवडायची, आणि मी ती कधी खोडून काढली नाही.

त्या वर्षी संक्रांतीला आमची बस पानिपतला, मराठे लढले त्या काला अंबला निघाली होती. दरवर्षी आम्ही काही कुटुंबं तिथे जाऊन स्मारकावर फुलं वाहायचो. ताई आणि दाजी तेव्हा आमच्याकडे आले होते. दाजी साताऱ्याकडचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कानाचं यंत्र बसवायचं होतं, म्हणून महिनाभर मुक्काम होता. मी त्यांनाही बसमध्ये घेतलं.

फुलं वाहून झाली, तिळगूळ वाटून झाला. मंडळाच्या अध्यक्षांनी मला पुढे केलं. “आज तलवारी-भाल्यांची आठवण काढलीच आहे, तर आजच्या हत्यारांबद्दल दोन शब्द सांगा यार. पेपरात येतंय ना, फौजेची रायफल बदलली म्हणून.”

त्या काळात जुन्या एसएलआर रायफलच्या जागी नवी, लहान गोळीची रायफल येत होती. मी उभा राहिलो. जुनी गोळी जाड, नवी बारीक, एवढं सांगून झालं. लोक घड्याळं बघत होते, डबे उघडायची वेळ झाली होती. तेव्हा मी माझं राखीव वाक्य काढलं.

“जगभरच्या सैन्यांनी लहान गोळी का घेतली, माहितीय? मोठ्या गोळीने माणूस मरतो. मेला की विषय संपला. लहान गोळीने जखमी होतो. आणि एक जखमी झाला की त्याला उचलायला दोघं लागतात. म्हणजे एका गोळीत तीन माणसं कमी!”

लोक हसले. कुणीतरी “वाह, बिल्कुल सही!” म्हणालं. एका बाईंनी टाळी वाजवली. मी दाजींकडे बघितलं. ते पायाशी पडलेली झेंडूची फुलं गोळा करून पुन्हा चौथऱ्यावर ठेवत होते. मला वाटलं, यंत्र अजून बसलेलं नाही, त्यांना ऐकूच आलं नसेल.

परतीच्या वाटेवर ते खिडकीशी बसून राहिले. मुरथलच्या ढाब्यावर सगळे पराठे खायला उतरले, ते उतरले नाहीत. ताई म्हणाली, “पोट बरं नाही म्हणतात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाल्कनीत चहा घेऊन गेलो, तर दाजी उन्हात बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “ते तीन माणसांचं कुठं लिहिलंय रे?”

“लेखांत येतं, दाजी. मी वाचतो ना ऑफिसात,” मी म्हणालो.

हे खोटं होतं. ते वाक्य मी कचेरीच्या कँटीनमध्ये कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. ज्या लेखांचे सारांश मी माझ्या हाताने लिहिले होते, त्यांत कारणं वेगळी होती. लढाईत बहुतेक गोळीबार दोन-तीनशे मीटरच्या आतच होतो, त्यामुळे त्याहून कितीतरी लांब मारा करणारी ताकद वाया जाते. मोठी गोळी खांद्याला जोराचा धक्का देते, सलग झाडली तर नळी वर उचलली जाऊन नेम राहत नाही. आणि लहान गोळी जवळजवळ निम्म्या वजनाची असते, म्हणून तेवढ्याच ओझ्यात शिपाई दुपटीच्या आसपास गोळ्या नेऊ शकतो. हे सगळं मला पाठ होतं. पण त्यावर कुणी टाळी देत नाही, म्हणून मी ते सांगितलं नव्हतं.

दाजी म्हणाले, “आम्ही पूर्वेकडच्या डोंगरात होतो. दाट झाडी. समोरचा दिसायचा तो शंभर पावलांवर, नाहीतर दिसायचाच नाही. आणि आमच्या खांद्यावर ती एसएलआर. लांब, जड, झाडीत अडकायची. गोळ्यांच्या वजनानं चढणीवर जीव जायचा. तेव्हाच आम्ही म्हणायचो, हलकं काहीतरी द्या. फौजेला हलकी गोळी का पाहिजे, ते आमच्या पाठीला विचार.”

मी कप कठड्यावर ठेवला.

“एकदा आमच्यातल्या एकाच्या मांडीत गोळी लागली. खाली रस्त्यापर्यंत न्यायचा होता. मी आणि दुसरा एक. तो, त्याची रायफल, त्याच्या गोळ्या, शिवाय आमचं सामान. सकाळी निघालो ते दुपार कलली तरी उतरतच होतो. पाऊस पडून वाट निसरडी झालेली. तो सारखा म्हणायचा, ठेवा मला इथं. एका वळणावर माझे हात इतके भरून आले, की मनात आलं, आता हा गेला तर बरं होईल.”

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिकडे त्यांनी वाकून बघितलं.

“तुझं ते गणित मला तिथं सुचलं होतं. कुणाला बोललो नाही आजवर. तुझ्या ताईलासुद्धा नाही. काल लोक हसले तेव्हा वाटलं, मलाच हसले.”

“मग तो...?” मी विचारलं.

“जगला की. लंगडतो. दिवाळीला फोन करतो अजून, ‘तुम्ही माझा जीव वाचवला’ म्हणून. मी काय सांगू त्याला?”

तेव्हा माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, “चहा गार होतोय, दाजी.” आणि आत गेलो. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलो. ताईने विचारलं, काय झालं. काही नाही म्हणालो.

महिना संपला, यंत्र बसलं, ती दोघं गावी गेली. स्टेशनवर मी दाजींच्या पाया पडलो. गाडी सुटताना कुठे धीर आला. “दाजी, ते मी कुठे वाचलं नव्हतं. पुढच्या वर्षी खरं सांगेन सगळ्यांना.” त्यांनी फक्त मान हलवली.

पुढच्या संक्रांतीला मी स्वतःहून उभा राहिलो. गेल्या वर्षी बोललो ते ऐकीव होतं, चूक होतं, असं सांगितलं. अंतर, धक्का, वजन, सगळं नीट सांगितलं. माझं बोलणं संपायच्या आतच अर्धे लोक डब्यांकडे वळले होते. गुरुग्रामहून पहिल्यांदाच आलेले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, “पण मी तर ऐकलंय की एका गोळीत तीन माणसं कमी होतात. आमच्या ऑफिसात सगळे हेच सांगतात.” त्यांना ते कुणी सांगितलं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

रविवारी दाजींचा फोन आला. “सांगितलंस का?”

“सांगितलं.”

“बरं केलंस,” म्हणाले, आणि यंदा कांद्यावर करपा पडल्याचं सांगू लागले. लोकांनी ऐकलं का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.