हक्कसोडीच्या कागदावरचा ‘स्पिन्स्टर’

दस्त लिहितात तो हिरवा लेजर पेपर दिसला की मला भिवंडीचं रजिस्ट्रेशन ऑफिस आठवतं. दोन हजार पाचचा सुमार असेल. अंजूरचं आमचं शेत गोडाऊनवाल्याला द्यायचं होतं आणि त्याआधी रिवाजाप्रमाणे आत्याने माझ्या वडिलांसाठी आपला हक्क सोडायचा होता. त्याबद्दलची नवी साडी तिला सकाळीच मिळाली होती. पंखा नुसती गरम हवा आणि शाईचा वास फिरवत होता. वकिलाच्या इंग्रजी कागदात तिच्या नावापुढे ‘स्पिन्स्टर’ असं टाइप केलेलं होतं. “ह्यो शब्द काय हाय रं?” तिने मला विचारलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकत होतो. म्हणालो, “बिनलग्नाची. जुना शब्द आहे. आधी सूत कातणारीला म्हणायचे. तिकडे इंग्लंडात बिनलग्नाच्या बायका बहुतेक त्यावरच पोट भरायच्या, म्हणून पुढे त्यांनाच म्हणायला लागले.” आत्या वीस वर्षं लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरत होती; माझी फी त्यातूनच जायची. तिने पेनाला टोपण लावलं. “पोट मीबी भरलाय, दादा,” ती वडिलांना म्हणाली, “मंग मीच का सोडायचा?” वडिलांनी कागद तसाच पिशवीत घातला. घरी येऊन तिने साडी घडी न मोडता आईच्या हातात दिली. सातबाऱ्यावर तिचं नाव राहिलं. तिने तो शब्द विचारला नसता, तर मी गप्प उभा राहून सही होऊ दिली असती.