विहीणबाईंची सोसेजी

आमच्या लेकीचं लग्न बटाट्याच्या ढिगावर ठरलं, असं मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, म्हातारी काहीतरी बडबडते. पण ऐका तर खरं.

लेक तेव्हा जपानात, कोबेला पीएचडी करत होती. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. एकदा फोनवर म्हणाली, "आई, इथल्याच एका मुलाशी लग्न करावं म्हणतेय. जपानी आहे. पण तू नको म्हणालीस तर नाही करणार." यजमानांनी दोन दिवस येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू जा आणि त्याच्या आईला बघून ये. मुलगा आईवरून कळतो. तू हो म्हणालीस की माझंही हो." घ्या! सगळं ओझं माझ्या डोक्यावर.

तिकडे आपलं हसं नको, म्हणून मी सांगलीतच विणायच्या दोन सुया घेऊन काड्यांनी जेवायचा सराव सुरू केला. आधी उपमा, मग साबुदाण्याची खिचडी. यजमान म्हणायचे, "अगं, घास उचलतेस की टाके घालतेस?"

मी पक्की शाकाहारी. लेकीनं त्या मुलाला बजावलं होतं आणि मुलानं त्याच्या आईला, की पाहुणीला मांस चालत नाही, बटाटा मात्र फार आवडतो. मग काय, त्या बाईंनी अख्खं कोबे पालथं घालून बटाट्यासाठी नावाजलेलं हॉटेल शोधून काढलं. बंदराचं गाव ते, परदेशी खाण्याला तोटा नाही. एका गल्लीत पाच-सहा टेबलांची जागा, आणि मिळायच्या दोनच गोष्टी. लोण्यात घोटलेला बटाटा आणि सॉसेज. आता सॉसेज म्हणजे काय, हे मला कुठे ठाऊक!

मी कोबेला पोचले, आणि त्या हॉटेलच्या दारातच मुलाच्या आईशी वाकावाकी झाली. मी वाकले की त्या वाकायच्या, त्या वाकल्या की मी. कोणी थांबेना. शेवटी मुलानं दार उघडून धरलं तेव्हा कुठे आत गेलो. बाई चिमणीएवढ्या, अंगावर निळसर किमोनो. लेक त्यांना 'ओकासान' म्हणाली. ओकासान म्हणजे आई. माझ्यासमोर दुसरीला आई! मला जरा झोंबलंच, खोटं कशाला बोलू?

थाळ्या आल्या. बटाट्याचा हा डोंगर, आणि त्याला टेकून चार तांबूस, चकचकीत, लांबट वस्तू.

"रताळी छान भाजलीत गं," मी लेकीला म्हटलं.

तिचा चेहरा पांढराफटक. "आई, हात लावू नकोस. डुकराचं आहे ते."

"मग तू काय सांगितलं होतंस?"

"मांस नको असंच सांगितलं गं! पण इथे मांस म्हणजे मोठा तुकडा. सॉसेजला काही लोक मांसात धरतच नाहीत. थांब, सांगते मी त्यांना."

समोर त्या बाई थाळीकडे हात करून, मान हलवून, प्रेमानं म्हणत होत्या, "सोसेजी! सोसेजी!"

त्यांच्याकडे सॉसेजला सोसेजी म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, बाई मलाच विचारतेय, 'सोसेल का जी?' मनात म्हटलं, बाई गं, तेच तर बघायला एवढ्या लांब आलेय.

"गप्प बस," मी लेकीला म्हटलं. "हौसेनं आणलंय त्यांनी. मी बघते काय करायचं ते."

मी काड्या मागून घेतल्या. सॉसेज टेकलेली बाजू सोडून पलीकडून डोंगर पोखरायला घेतला आणि पहिला घास अलगद उचलला. तेवढ्यात बघते तर काय! बाईंनी किमोनोची बाही नीट मागे खोचली आणि उजवा हात थेट बटाट्यात घातला. पाचही बोटं! शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. स्वयंपाकी आतून डोकावला.

मुलगा लाजून लेकीला काहीतरी म्हणाला. ती हसू दाबत मला सांगू लागली, "आई, आपल्याकडे हातानं जेवतात ना, म्हणून त्या घरी रोज सराव करत होत्या."

मी त्यांच्या हाताकडे बघितलं, त्यांनी माझ्या काड्यांकडे. आणि जे हसू फुटलं आम्हाला! त्यांना तोंड झाकायचं होतं, पण उजवा हात लोण्यानं माखलेला. माझ्या घासाचं काय झालं विचारू नका, मांडीवर पडला.

हसता हसता मला आठवलं, अगं, ही तर वरमाय! वरमाईला पानावर बसवून आग्रह करायचा असतो. मी एक सॉसेज काड्यांत धरली आणि पुढे केली.

"आई!" लेक दचकली. "काडीवरून काडीवर देतात का कधी? इथे ते अशुभ मानतात, दहनानंतर अस्थी तशा देतात!"

"त्यांच्याकडे काडी आहेच कुठे?"

खरंच, बाईंनी तळवा पुढे केला, सॉसेज घेतली आणि खाल्ली. मी दुसरी दिली. त्यांनी मान हलवली, पण आमच्याकडे पहिल्या 'नको'ला काही किंमत नसते. चारही गेल्या. त्यांनीही चमचा घेतला आणि आपल्या थाळीतला न उष्टावलेला बटाटा माझ्याकडे लोटला. मिरची असती तर स्वर्गच! पण लोणी मात्र सढळ हातानं घातलं होतं हो.

लेकीनं टेबलाखालून माझा हात धरला. "आई... मग?"

मी त्या बाईंकडे बघितलं. बोटांना चिकटलेला बटाटा त्या चाटून पुसून खात होत्या, अगदी आपल्यासारख्या.

"सोसेल," मी म्हटलं. "चांगलं सोसेल."

लेक रुमालात तोंड घालून रडायला लागली. आणि बाईंना वाटलं, मी सोसेजी म्हणाले! उठल्याच त्या. स्वयंपाक्याला हाक मारून माझ्यासाठी आणखी एक थाळी मागवली. ती आल्यावर पुन्हा माझा आग्रह, पुन्हा त्यांचा तळवा. बिचारीनं त्याही सगळ्या संपवल्या.

स्टेशनवरच्या हिरव्या फोनमध्ये कार्ड घालून सांगलीला फोन लावला. यजमान पहिल्याच घंटीला, "काय गं? कशी आहे बाई?"

"हो म्हणा."

"आपलं पोरगं जरा हट्टी आहे. सोसेल ना त्यांना?"

"तिचं सोसेल हो," मी म्हटलं. "आज दुपारचं जेवण सोसतंय का, ते मात्र उद्या विचारायला हवं."