ओल्या रुमालातलं चॉकलेट

कुरकुंभच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटली की मी भांडगावच्या एका दुकानाशी चहाला थांबतो. दर गुरुवारी तिथं एक आबा सायकलवरून यायचे. नाव मी कधी विचारलं नाही. एक चॉकलेट घ्यायचे, रांजणाच्या पाण्यात रुमाल भिजवायचे, पिळायचे आणि त्यात चॉकलेट गुंडाळून लगेच निघायचे. कुणी हाक मारली तरी थांबायचे नाहीत. "म्हातारीला दात न्हाईत," एकदा म्हणाले, "जिभंवर इरघळतं, त्येवढंच तिला गोड लागतं."

यंदा भर उन्हाळ्यात त्यांनी चॉकलेट तसंच खिशात टाकलं.

"आबा, रुमाल विसरलात का?" मी विचारलं.

"लागत न्हाई आता. हे उन्हात इरघळत न्हाई. आन् तिच्या तोंडातबी न्हाई."

दुकानदारानं त्यांना समजावलं. आपल्या देशात कोको पिकतो थोडा आणि खाणारे वाढले. बाहेरून आणावा तर तो महागला. मग कंपन्या कोको कमी करतात आणि सहज न वितळणारं दुसरं तेल घालतात.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "मंग वडी बारकी करा म्हनावं. नखाएवढी करा. पर इरघळंल अशी करा."

ते गेल्यावर मी तसलंच एक चॉकलेट घेतलं. तुकडा जिभेवर ठेवला, तोंड मिटलं आणि वाट बघत बसलो. चहा निवून गेला. तुकडा मेणासारखा तसाच. शेवटी मी तो चावून खाल्ला.

मला दात आहेत.