रुपयाएवढी जागा

नाना गेल्याचं मला भिलाने फोनवर सांगितलं. भिला म्हणजे धुळ्याजवळच्या सरकीच्या तेलगिरणीतला बॉयलरवाला. एरवी बोलायला लागला की त्याला थांबवावं लागतं. त्या दिवशी "नाना गयात, ताई" एवढंच म्हणाला. मी जळगावला एका पाइपच्या कारखान्यात मोटरला कंपन मोजायचं चुंबक लावून उभी होते. फोन ठेवला आणि आधी हातातलं माप पूर्ण केलं. आकडा अजून स्थिर झाला नव्हता, आणि अर्धवट माप टाकून निघाले असते तर नाना रागावले असते... असं काहीतरी डोक्यात आलं. रडू त्यानंतर आलं.

आता मी चार-पाच कारखान्यांची कंपनं मोजत फिरते, तेलगिरणीतही महिन्यातून एकदा जाते. पण हे काम शिकले ते तिथेच, नानांच्या हाताखाली. चोपड्याहून डिप्लोमा करून आलेली मी, आणि सोनगीरचे नाना, आयुष्यभर फिटर. कोणतंही फिरणारं यंत्र बिघडायच्या आधी जास्त थरथरायला लागतं. बेअरिंगवर चुंबकाने सेन्सर लावायचा, ती थरथर मोजायची आणि गेल्या महिन्याशी ताडून बघायची, एवढंच आमचं काम. मला वाटलं होतं, आठवड्याभरात शिकून होईल. नानांनी पहिला महिनाभर मला फक्त जागा पुसायला लावल्या. तेल, धूळ, सरकीचा भुसा, सगळं फडक्याने पुसायचं. चुंबक चिकटतं त्या जागी त्यांनी छिन्नीने बारीक खूण केलेली असे, आणि एक बोट इकडे-तिकडे झालेलं त्यांना चालत नसे. यंत्र नुकतं सुरू झालं असेल तर माप घ्यायचं नाही, रिकामं फिरत असेल तरी नाही. "जागा तीच शे ना?" हे ते दर वेळी विचारायचे, मी शेजारी नसले तर स्वतःलाच. गिरणीतले लोक यावरून त्यांची नक्कल करायचे, मीसुद्धा करायचे.

त्यांचं कुतूहल मात्र भारी होतं. कुठल्या यंत्राचा आकडा का वाढला हे कळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. एकदा एका पंपाचा आकडा दर मंगळवारी चढतो म्हणून ते तीन मंगळवार तिथे स्टूल टाकून बसले. शेवटी निघालं काय, तर मंगळवारी शेजारचा जुना कॉम्प्रेसर चालवायचे आणि त्याचाच हादरा पंपापर्यंत यायचा. हे सांगताना त्यांना इतका आनंद झाला होता की मला वाटलं, यांना घरी लग्नकार्यातसुद्धा एवढा आनंद होत नसेल.

माझ्या पहिल्या दसऱ्याची गोष्ट मी गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. खंडेनवमीला गिरणीतल्या सगळ्या यंत्रांची पूजा असते, त्यामुळे आदल्या दिवशी धुणं, पुसणं, रंग देणं चालू होतं. मला चोपड्याला जायचं होतं आणि भाऊ घ्यायला येऊन फाटकाशी उभा होता. सगळी मापं झाली होती, राहिला होता एकच, बॉयलरचा धूर ओढणारा मोठा पंखा. तो वर मचाणावर, लोखंडी शिडीच्या टोकाला. गेल्या महिन्यात त्याचा आकडा दोन पूर्णांक आठ होता. मी खालूनच कागदावर दोन पूर्णांक नऊ लिहिला. तोच आकडा पुन्हा लिहिला तर संशय येईल म्हणून एका दशांशाने वाढवला, इतकी माझी हुशारी. कागद नानांच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. त्या पंख्याखाली भिला दिवसभर बसतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

परत आले तर पंख्याचं बेअरिंग बदललेलं. "बदलावं लागलं," एवढंच नाना म्हणाले, आणि पुढच्या महिन्यापासून तो पंखा कायमचा माझ्याकडे दिला, म्हणाले, "मना गुडघा दुखस, बेटा." त्यांना कळलं असेल का, हा प्रश्न मी पुढे नऊ वर्षं बाळगला. कधी वाटायचं, विचारून टाकावं. कधी त्यांनी "जागा तीच शे ना?" म्हटलं की वाटायचं, हा टोमणा आहे. पण ते तर मी यायच्या आधीपासून तसं विचारत होते. सांगायचं राहूनच गेलं.

तेराव्यानंतर मी सोनगीरला गेले. अक्कांनी, नानांच्या बायकोने, फळीवरून एक वही काढून दिली. "हाई तुनासाठे ठेवेल शे त्यास्नी," म्हणाल्या. माझे सगळे कागद त्यांनी तिच्यात ओळीने चिकटवले होते. दसऱ्याचाही होता. माझ्या दोन पूर्णांक नऊवर एकच सरळ रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी सात पूर्णांक चार, आणि बारीक अक्षरात: "रंग ओला, अखंड. चुंबक लागलेलं नाही. खरवडून माप घेतलं." त्या दिवशी सकाळीच पंख्याला रंग दिलेला होता. चुंबक लावलं असतं तर त्याचा गोल वळ उमटला असता. एवढी साधी गोष्ट मला नऊ वर्षांत सुचली नाही. ते मुळात वर का चढले, हे मात्र वहीत नाही. त्या कागदावर बाकीच्या सगळ्या यंत्रांचे आकडे बरेच हलले होते आणि हा एकटाच जागच्या जागी होता, म्हणून असेल... मी अजून विचार करते आहे. आणि पान उलटलं तर पुढच्या महिन्यात छतावरची मोटर, पाण्याच्या टाकीवरचा पंप, उंचावरची बाकी सगळी मापं नानांच्याच अक्षरात. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. मी खोटं लिहिलं हे माहीत असूनही तोच पंखा त्यांनी माझ्या हाती दिला होता.

गेल्या आठवड्यात गिरणीत गेले. दसरा जवळ आलाय, भिला मचाणावर रंगाचा डबा घेऊन बसला होता. बेअरिंगच्या घराला हिरवा रंग देताना त्याने रुपयाएवढी जागा कोरी सोडली होती. दर वर्षी सोडतो, नानांनी सांगून ठेवलं आहे. मी त्याच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. तो ब्रश पुसत राहिला.

"माले माहीत शे, ताई," तो म्हणाला. "रंग तर मीच मारेल व्हता."

त्याने डबा बाजूला सरकवून मला जागा करून दिली. मी फडक्याने तो गोल पुसला, चुंबक हातात घेतलं आणि लावायच्या आधी थांबले. भिलाने माझ्याकडे बघितलं आणि नानांच्याच आवाजात विचारलं, "जागा तीच शे ना?"

या वेळी ती नक्कल नव्हती. मी हो म्हटलं, चुंबक लावलं आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसले.