एक डाव खो-खोचा: पाथर्डीहून केडगावपर्यंत

मागच्या मंगळवारी मी आणि रूपाली पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावाहून नगरजवळच्या केडगावला जाऊन आलो. काम एकच, एक व्हिडिओ अपलोड करायचा. हसू येईल, पण आमच्याकडे डोंगराच्या आडोशाला घर असणाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही. फोटो कसाबसा जातो, मोठा व्हिडिओ जात नाही.

रूपाली आमच्या शेजारच्या भानुदासकाकांची मुलगी. नववीत आहे आणि खो-खो असा खेळते की पाठलागाला सुटली की समोरच्या मुली आधीच घाबरतात. एका निवासी क्रीडा केंद्राने मुलींसाठी अर्ज मागवले होते. त्यांच्या ॲपवर खेळाचा अख्खा डाव चढवायचा होता, न कापलेला, न थांबवलेला. मुदत मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत. शुक्रवारी काका-काकींचा ट्रॅक्टर ऊसतोडीला निघणार होता. अर्ज गेला नाही तर रूपालीही त्यांच्यासोबत जाणार, आणि तिची शाळा थेट उन्हाळ्यापर्यंत बुडणार.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. त्यामुळे मोबाइलवर इंग्रजी दिसलं की ते काम माझ्याकडे येतं. काका मात्र म्हणाले, "मोबाईलातनं कुनी पोरीला घेतंय व्हय? जा, पर उगं आशा लावू नका तिला."

सकाळी जीपने पाथर्डी गाठली. दाराशी बसायला मिळालं, म्हणजे चांगलीच जागा. स्टँडसमोर मिसळ खाल्ली (तिखट आहे, दही मागून घ्या) आणि तिथेच पहिला प्रयत्न केला. निळी पट्टी हळूहळू सरकायला लागली, तेवढ्यात रूपालीच्या आईचा फोन. "पोचल्या का गं? जागा भेटली का जीपात?" बोलून ॲपकडे परत आले तर पट्टी पुन्हा रिकामी. हे ॲप स्क्रीनवर उघडंच ठेवावं लागतं. कॉल उचलला नाही तरी कॉलचं चित्र पुढे येतं, ॲप मागे जातं आणि सगळं पहिल्यापासून सुरू. असं काम करायचं असेल तर हे आधी तपासून घ्या. आम्ही तपासलं नव्हतं.

नगरची एसटी मिळाली. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिडकीत बसून निवांत वाटतं. करंजीच्या पुढे घाट लागतो. पावसाळा नुकताच सरला की हा घाट बघण्यासारखा असतो. उतारावर पिवळी फुलं, मध्येच मेंढरांचा कळप आणि त्याच्यासाठी थांबलेली अख्खी एसटी. नगरच्या अलीकडे डोंगरावर चांदबिबीचा महाल दिसतो. रूपालीने विचारलं, "ताई, तिथं पळत वर जायला किती वेळ लागंल?" तिला प्रत्येक चढ तसाच दिसतो.

नगरच्या माळीवाडा स्टँडवरून शेअर रिक्षाने केडगाव. तिथे माझी सुमनमामी राहते आणि तिच्याकडे वायफाय आहे. दुपारचे दोन वाजले होते. पिठलं-भाकरी समोर ठेवून मामी म्हणाली, "जेवा आधी. नेट कुठं पळून जातंय?"

नेट खरंच पळालं नाही. पट्टी अर्ध्यावर गेली आणि फोन वाजला. आत्या. "झालं का?" पुन्हा सुरुवात. मग दुधवाले नाना. मग रूपालीचा चुलता, "किती टक्के झालं गं?"

"तुम्ही विचारलंत म्हणून शून्य झालं, काका!" मी जवळजवळ ओरडलेच.

आमच्या गावात कुणी कामाला बाहेर पडलं की सगळी आळी दिवसभर फोन करते. न करणाऱ्याला माया नाही असं समजतात. त्या दिवशी ती माया आमच्या मुळावर उठली होती.

"सिम काढून ठेव की," मामी म्हणाली.

"सिम चालू नसेल तर हे ॲप बाहेर फेकतं, मामी. आणि शेवटी ओटीपी याच नंबरवर येणार आहे. तो दोनच मिनिटं चालतो. सिम हवंच."

घड्याळ चारच्या पुढे गेलं होतं. रूपालीने मामीचा फोन उचलला आणि वडिलांना लावला. "आप्पा, वैशूताईच्या फोनवर कुनीबी फोन करू नका. फोन आला का माझा समदा डाव पुसला जातो. समद्यांना सांगा."

पलीकडून, "बरं." फोन बंद.

दहा मिनिटांनी मामीच्या फोनवर आत्या. "ऐक, ऐक गं!" तिने फोन बाहेरच्या दिशेने धरला होता. मारुतीच्या देवळाचा भोंगा घरघरत होता. त्यावरून एरवी पाणी सुटल्याचं नाही तर सप्त्याचं सांगतात. आज भानुदासकाकांचा आवाज होता. ग्रामसभेतसुद्धा तोंड न उघडणारा माणूस.

"समद्यांनी ऐका. वैशालीच्या फोनवर आज कुनी फोन करू नका. माज्या रुपीचा खेळ वर चढतोय. कुनी मधी येऊ नका."

रूपालीने ओढणीत तोंड लपवलं. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

त्यानंतर माझा फोन वाजला नाही. एकदाही नाही. पट्टी अर्ध्यावर आली, पुढे सरकली, शेवटाजवळ रेंगाळली तेव्हा मामीने कुकरसुद्धा बंद केला, जणू शिट्टीने काही बिघडेल. साडेपाचच्या सुमारास ओटीपी आला. रूपालीने आकडे वाचले, मी टाकले. हिरवी खूण.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने परत आलो. घाट तोच होता, पण मी खिडकीबाहेर फारसं पाहिलं नाही. शिकल्यावर गावासाठी काहीतरी करावं, असं मी कायम म्हणत आले. त्या दिवशी मी फक्त फोन धरून बसले होते आणि गावाने गप्प राहून बाकीचं केलं. हे मला बरं वाटलं, आणि अजून वाटतंय.

निकाल अजून आलेला नाही. शुक्रवारी ट्रॅक्टर भरला. निकाल नाही म्हणून काकींनी रूपालीचे कपडेही ट्रॉलीत ठेवले होते. निघायच्या आधी काका वर चढले, बोचकी हलवून तिची पिशवी शोधली आणि खाली माझ्या आईच्या हातात दिली.

"बोलावत्याल तवा पोरगी हितं पायजे ना," ते म्हणाले.

"आन न्हाईच बोलावलं तर?" काकींनी विचारलं.

काका ट्रॉलीची साखळी लावत होते. "तर शाळा हायेच की."