निगराणीतलं पोट

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या शाळेत शिकवत होतो. पांढुर्ण्याला मामांच्या घरी पोचलो, तर अंगणात जो तो हलक्या आवाजात एकच विचारत होता, "पोटानंच गेले ना?" मी प्रत्येकाला सांगत राहिलो, पोटानं नाही, हृदय बंद पडलं... पण माझ्या आईला, मामांच्या धाकट्या बहिणीला, ते काही पटेना.

मामा संत्रा मंडीत पेट्या भरायचे. मला कॉलेजात त्यांनीच घातलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. म्हणून नागपूरच्या दवाखान्यात इंग्रजी रिपोर्ट वाचायला ते मलाच न्यायचे. पहिल्यांदा दुर्बिणीने पोट तपासून डॉक्टर म्हणाले, आतलं अस्तर बदललंय. आज कॅन्सर नाही, पुढे होऊ शकतो, म्हणून निगराणीत राहा. मामांचा चेहरा पडला. आमच्या मध्य प्रदेशात निगराणीत असतात ते ठाण्यात हजेरी लावणारे बदमाश. "म्या कोणाचं काय चोरलं जी?" त्यांनी विचारलं. डॉक्टर आधी गोंधळले, मग हसत म्हणाले, बदमाश तुम्ही नाही, तुमचं पोट.

काही दुखत नसताना कशाला जाता, असं मंडीतले टोकायचे. मामा म्हणत, "बदमाशाले हजेरीले घेऊन जाऊन राहिलो." अशाच एका तपासणीत बारीकशी गाठ दिसली, ती दुर्बिणीतूनच काढली. त्यानंतर मामांनी संत्र्याचे कितीतरी हंगाम पाहिले, नातीचं लग्न लावलं.

आईच्या पोटातही तसाच बदल निघालाय. मामांच्या तेरवीनंतर तिची तपासणी होती. ती म्हणाली, "दादा इतका जाऊन आला, तरी गेलाच ना. मी काऊन जाऊ?" मी समजावून थकलो. शेवटी मामींनी तिचा हात धरला. "बाई, तुह्या दादाले पोटानं नाही नेलं. जेवूनखाऊन, माह्याशी भांडून गेले ते. तुले तसं जायचं हाये का नाही?" आई रडता रडता हसली.

मागच्या आठवड्यात आम्ही नागपूरला गेलो. तपासणीनंतर घसा बधिर असतो, लगेच काही खाता येत नाही. बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आईने विचारलं, दादा मग काय खायचा? दहीभात, मी म्हणालो. पण पहिला घास मला द्यायचे. म्हणायचे, "तू खाऊन सांग कसा झाला. माह्या घशाले अजून समजून नाही राहिलं."

रिपोर्ट यायचा आहे. त्या दिवशी बाकावरच आईनं डबा उघडला, दहीभात कालवला आणि पहिला घास माझ्यापुढे धरला...