भिंतीकडे तोंड

कोलकात्यातल्या दोन शाळांनी माझ्या मुलीला घ्यायला नकार दिला होता आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच दिलं होतं. मुलगी बोलत नाही. ती तेव्हा चार वर्षांची होत आली होती. डॉक्टरांनी कान तपासले, ते ठणठणीत होते. घरी ती माझ्याशी बोलायची, पण मोजकं आणि हळू. "दूध नको." "कावळा आला." लहानपणी मीही अशीच होते. त्यामुळे मला फारशी काळजी वाटत नव्हती, किंवा वाटत होती ती मी कोणाला सांगत नव्हते.

नवरा रेल्वेत आहे, दर तीन-चार वर्षांनी त्याची बदली होते. तिसरी शाळा त्यानेच शोधली. कॅथलिक नन्सची होती, आणि अभ्यासक्रम आंतरराष्ट्रीय, म्हणजे पुढे कुठल्याही मोठ्या शहरात गेलो तरी अडायला नको. वर ती द्विभाषिक. प्रत्येक वर्गात दोन शिक्षिका. एक दिवसभर फक्त इंग्रजी बोलणार, दुसरी फक्त बंगाली.

"तिसरी एक फक्त गप्प बसणारी ठेवली असती तर आपल्या बाईसाहेबांचं छान जमलं असतं," नवरा म्हणाला. पण हसला नाही. इथेही नाही म्हणाले, तर मुलांच्या वाचेवर उपचार करणाऱ्या एका संस्थेत तिला घालायचं, असं त्याने ठरवलं होतं. तिथला नंबर त्याने आधीच फोनमध्ये ठेवला होता.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला. माझ्या फोनची बॅटरी टिकत नाही, म्हणून मी नेहमी हॉलमधल्या चार्जरपाशी उभी राहून बोलते.

"मिशनऱ्यांची शाळा शोधलीत म्हणे," त्या म्हणाल्या. "पोर आजीशी दोन शब्द बोलेना, आणि आता आमेन म्हणायला लावा तिला."

"आई, मीसुद्धा कॉन्व्हेंटमध्येच होते."

"तेच म्हणतेय मी."

 

आमचं घर गार्डन रीचला, रेल्वेच्या जुन्या बंगल्याचे चार भाग केलेत त्यातल्या तळमजल्यावर. छत इतकं उंच की पंखा लांब दांड्यावर टांगलेला आहे. दुपारी लाकडी झडपा ओढून घेतल्या की फरशीवर उन्हाच्या पट्ट्या पडतात आणि जहाजांच्या कारखान्याचा भोंगा लांबून ऐकू येतो. त्या महिन्यात भोंग्याखेरीज आणखी एक आवाज ऐकू येऊ लागला होता.

मागच्या खोलीत कोणीतरी पुटपुटत असायचं. शब्द कळायचे नाहीत. एकच लय, वर जाणारी, मग खाली येणारी, मग थोडा वेळ काही नाही, आणि पुन्हा तेच. मी दाराशी गेले की थांबायचं. आत मुलगी ठोकळ्यांपाशी बसलेली असायची, ओठ मिटलेले.

"तू काही म्हणत होतीस?"

ती मान हलवायची. नाही.

कामाला येणाऱ्या माशींनी, म्हणजे इथल्या पद्धतीने मावशीच, तो आवाज माझ्याआधी ऐकला होता. त्या मला बौदी म्हणतात, म्हणजे वहिनी. भांडी घासता घासता त्या म्हणाल्या, "बौदी, तुमच्या घरात जप कोण करतं?"

"कोणी नाही."

"करतात. दोघी आहेत. एक मोठी, एक छोटी."

मोठीचा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. माशींनी सांगितलं, तो हॉलमधून येतो, आणि मुलगी झोपलेली असली तरी येतो. दुसऱ्या दिवसापासून त्या उदबत्ती घेऊन यायला लागल्या. मागच्या खोलीचा केर काढताना दार सताड उघडं ठेवायच्या. त्यांनीच मला तो डाग दाखवला. मागच्या खोलीच्या निळ्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या जरा वर, रुपयाएवढा ओलसर गोल होता. आजूबाजूची भिंत कोरडी होती. मी फडक्याने पुसला. दोन दिवसांनी तो परत तिथेच होता.

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. सांगताना कसं वाटेल ते मला ऐकू येत होतं. पण दुपारच्या वेळी मी स्वयंपाकघरातून बाहेर पडायचं टाळू लागले.

मार्चच्या शेवटी तिसऱ्या शाळेने बोलावलं. त्या दिवशी नवऱ्याला ऑफिसातून निघता आलं नाही, म्हणून आम्ही दोघीच गेलो. लांबलचक ओसरी होती, दोन्ही बाजूंना वर्ग, आणि आत मुलं असूनही अगदी शांत. टोकाला एक मूर्ती जांभळ्या कापडात पूर्ण गुंडाळलेली होती. मुलगी थांबली.

"ती कोण?" तिने विचारलं.

"ईस्टरच्या आधी झाकून ठेवतात. नंतर काढतात कापड."

"तिला श्वास येतो?"

मी तिचा हात ओढला. इतकं लांब वाक्य ती कितीतरी दिवसांनी बोलली होती, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

मुख्य सिस्टर साठीच्या असाव्यात, बारीक, गुडघ्यांनी अधू. दोघी शिक्षिका बुटक्या टेबलापाशी बसल्या होत्या, टेबलावर लाकडी प्राणी मांडलेले. एकीने इंग्रजीत विचारलं, हत्ती कुठे आहे. दुसरीने बंगालीत विचारलं. मुलगी आळीपाळीने दोघींच्या ओठांकडे बघत होती, प्राण्यांकडे नाही. एका शिक्षिकेने कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल ते मला माहीत होतं.

मग मुलगी उठली. कपाटाशेजारच्या भिंतीपाशी गेली, हात पाठीमागे बांधले आणि नाक भिंतीला टेकेल इतकी जवळ उभी राहिली.

आणि पुटपुटणं सुरू झालं. माझ्या घरातलं, मागच्या खोलीतलं.

मी बाजूला बसले होते, तिथून तिचा चेहरा दिसत होता. ओठ मिटलेले होते. फक्त हनुवटीखाली किंचित हलत होतं. खोलीत दुसरा आवाज नसल्यामुळे या वेळी शब्द कळत होते, आणि तिसरी ओळ येण्याआधीच ती मला ठाऊक होती. ती नागपूरच्या माझ्या शाळेची सकाळची प्रार्थना होती. इंग्रजी, सात ओळींची. पाचव्या ओळीत आम्ही मुली चुकीच्या जागी श्वास घ्यायचो, तिथेच तिने श्वास घेतला. सातवी ओळ संपली. थोडी थांबली. मग जरा खालच्या, मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाली, "अगेन." आणि पहिल्यापासून सुरू केलं.

प्रार्थना एखाद्या मुलाने कुठेही ऐकली असेल. पण ते "अगेन" आमच्या घरात मी सोडून कोणाकडे नव्हतं.

आमच्या शाळेत मराठी बोलताना सापडलं की जिन्याखालच्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि प्रार्थना दहा वेळा म्हणायची. नाक भिंतीला लागलं पाहिजे. प्रत्येक वेळी संपली की मागून सिस्टर म्हणायच्या, "अगेन." भिंतीला चुना होता. तोंड उघडलं की ओठांना चुना लागायचा आणि त्याची चव दिवसभर जायची नाही. म्हणून मी ओठ न उघडता म्हणायला शिकले. त्यात मी इतकी तरबेज झाले की पुढे पुढे सिस्टरांना वाटायचं मी म्हणतच नाहीये, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू व्हायची. हे मी आईला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच. मुलीसमोर ती प्रार्थना मी एकदाही म्हटली नव्हती.

असं मला वाटत होतं.

सिस्टरांनी तिला थांबवलं नाही. तिसऱ्यांदा म्हणून होईपर्यंत ऐकलं. मग टेबलाचा आधार घेत उठल्या, भिंतीपाशी गेल्या, भिंतीला पाठ लावली आणि हळूहळू खाली सरकत तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. आता त्यांचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर होता. मुलगी थांबली.

माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "कुठल्या गावच्या कॉन्व्हेंटमध्ये होतात?"

"नागपूर."

"किती वेळा?"

"दहा."

त्यांनी मान हलवली. मी सहसा कोणाला प्रश्न विचारत नाही, पण त्या वेळी विचारला. "इथे उभं करतात का?"

"आता नाही," त्या म्हणाल्या.

उठताना त्यांनी मुलीच्या खांद्याचा नाही, भिंतीचा आधार घेतला. शिक्षिकेच्या हातातला कागद मागून घेतला आणि त्यावरचं काहीतरी खोडलं.

"मुलगी बोलते. आम्ही तिला घेऊ. उत्तर तिने तुमच्या भाषेत दिलं तरी इथे चालेल. पण तोंड उघडायला आम्ही शिकवू शकत नाही. ते ती घरी बघते. विचार करा आणि दोन दिवसांत कळवा."

संध्याकाळी चहा घेताना मी नवऱ्याला विचारलं, "अरे, मी कधी काही पुटपुटते का?"

"कधी म्हणजे?" तो म्हणाला. "आईचा फोन वाजला की रोजच. चार्जरपाशी, भिंतीला कपाळ लावून. एकदा सगळं म्हणून होतं, शेवटी 'अगेन'सारखं काहीतरी, मग फोन उचलतेस. दाराची बेल वाजली की पण. मला वाटायचं स्तोत्र म्हणतेस. आईचा फोन म्हटल्यावर माणूस देवाचं नाव घेणारच."

"सांगितलं का नाहीस?"

"श्रद्धेच्या गोष्टीत कशाला बोला?"

मी हॉलमध्ये गेले. चार्जरच्या वर, माझ्या कपाळाच्या उंचीवर, भिंतीवर तेलकट डाग होता, तळहाताएवढा. त्याच्या खाली, तोंडाच्या उंचीवर, श्वासाने रंग उडालेला एक लहान गोल. वर्षभर मी त्या भिंतीसमोर उभी राहत होते आणि ते मला दिसलं नव्हतं. मुलगी माझ्या मागून आली. डागाकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. तिला काहीच नवीन वाटलं नाही.

मग मी नवऱ्याला सगळं सांगितलं. जिना, चुना, दहा वेळा. तो बराच वेळ कप फिरवत राहिला.

"आणि तसल्याच शाळेत हिला घालायचं?"

त्याचा प्रश्न बरोबर होता. पुढचे दोन दिवस मी तोच विचार करत होते. बाकीच्या दोन शाळांनी तिच्याकडे बघितलं आणि ती बोलत नाही असं लिहिलं. या एका बाईने ऐकलं. ऐकू आलं, कारण मुलींच्या पाठीमागे उभं राहून तिने ते पूर्वी ऐकलं असणार. "आता नाही" मधला तो "आता" मला सारखा आठवत होता. भीती वाटत होती. पण जिला हे ओळखता येतं तिच्यापासून ते लपवावं लागत नाही, हेही खरं होतं. फॉर्मवर घरची भाषा विचारली होती. मी मराठी लिहिलं आणि सही केली.

एप्रिलमध्ये पहिल्या दिवशी तिला फाटकातून आत सोडलं आणि इतर आयांबरोबर जाळीपाशी उभी राहिले. लहान मुलं रांगेत होती. ओसरीच्या टोकाच्या मूर्तीवरचं कापड निघालं होतं. इतक्या लांबून तिचा चेहरा दिसत नव्हता. बंगालीत प्रार्थना सुरू झाली.

शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "किछु बोलछेन?"

मी काही बोलतेय का, असं त्या विचारत होत्या. मी पटकन हाताने तोंड झाकलं. जाळीचं लोखंड माझ्या नाकाला लागलं होतं.

रांगेत माझी मुलगी मागे वळली. सगळ्यांची तोंडं समोर, तिचं एकटीचं फाटकाकडे. बंगाली शिक्षिका तिच्याकडे निघाली. पण ती तिला वळवायला आली नव्हती. शेजारी येऊन थांबली आणि ती जिकडे बघत होती तिकडेच बघू लागली.

"आई," मुलगी ओरडली. ओरडलीच. प्रार्थनेच्या मधोमध, पटांगणाच्या पलीकडून, तोंड उघडून. आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

मला हात काढावा लागला. "काय गं?" माझा आवाज फुटला, पण पोचला.

"बाटली."

पाण्याची बाटली माझ्याच खांद्याला लटकत होती. शिक्षिका येऊन घेऊन गेली.

याला आता चार महिने होतील. मागच्या खोलीतला डाग मी त्याच दिवशी पुसला, तो परत आला नाही. मुलगी बंगाली बोलते, माशींशी भांडते, आजीला फोनवर कावळ्याचं सांगते. माशींनी उदबत्ती आणणं बंद केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, छोटी गेली.

हॉलमधला डाग मी दर रविवारी पुसते.